एकाच खुंटीला

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची पोरगी समिंदराची राखण करती, तीबी सोलापुरात बसून," असं सांगून पाहुण्यांना हसवायचात. तसं ते खोटं नव्हतं. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकतं, आणि बिघडलंच तर आग आणि माणूस यांच्या मध्ये काय काय उभं आहे, हे मी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बसून कागदावर मांडते.

दुधनीजवळच्या शेतात मेंढरं बसवली होती, तो दिवस डोक्यातून जात नाही. तिन्हीसांज झालीय. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे आपली जाळी, लावलेली आहे आणि कुत्रं त्या जाळीच्याच खुंटीला बांधलंय, कारण दुसरी ठोकायचा कंटाळा. लांडगा आला तसं कुत्र्यानं झेप घेतली, खुंटी उपटली, जाळी आडवी झाली. कुत्रं तिच्यात गुरफटून नुसतं भुंकत राहिलं आणि दोन कोकरं गेली. तुम्ही आईवर कडाडलात, "दोन राखणदार एका खुटीला बांधतंय व्हय कुणी? एक उपटली की दोनी गेलं की!" आई म्हणाली, "ध्यानात न्हाय राहिलं." मी तिच्या मागे उभी होते.

मागच्या महिन्यात एका प्लॅटफॉर्मवर वायू गळून आग लागली. धोक्याची घंटा वाजली नाही, पाण्याचा पंप चालू झाला नाही. दोन्हींना चालू व्हायचा इशारा एकाच केबलमधून जायचा आणि ती आधीच जळाली होती. माझ्या अहवालात मात्र ते दोन स्वतंत्र राखणदार होते. नकाशात केबल दिसत होती, आबा. ती शेवटपर्यंत तपासायचा मी कंटाळा केला. ड्यूटीवरचा माणूस गेला. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी लिहून दिलं की यंत्रणा बरोबर होती, पंप त्यानं हातानं चालू करायला हवा होता. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. त्याच्या बायकोला आता सगळे सांगत असतील की चूक तुझ्या नवऱ्याचीच. खरं बोलायचं धाडस माझ्यात नाही, आणि पुढे येईल असंही वाटत नाही. स्वतःची शिसारी येते, बास.

हे पत्र टाकणार तरी कुठं? एवढंच सांगते, त्या दिवशी कुत्रं मी बांधलं होतं. आई आत भाकऱ्या थापतेय. "माज्या हातनं गेली ती कोकरं," असं ती अजून म्हणते, आणि मी अजून ऐकून घेते.