बाराच्या बारा

गुरुजी, पाचवीत तुमच्या शाळेतून नाव काढलं, त्यानंतर मी कोणाला पत्र असं लिहिलेलं नाही. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी अक्षर वाईट दिसतंय म्हणून दोनदा कागद बदलला.

माझी नात बारामतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते, बीएस्सीला. शेजारच्या तात्यांनी तिला विचारलं, "सायन्स म्हणतीस, मग बेडूक कुठं हाय?" ती म्हणाली, "तुमीच बसा की तात्या, बेडूक म्हणून." तात्या हसत निघून गेले आणि बसावं लागलं मला. ती अर्थ नसलेले बारा शब्द वाचणार, गडच, टफल, नझक असले, आणि मी ते ऐकून म्हणायचे. सगळे येईपर्यंत किती फेऱ्या लागतात, ते ती वहीत लिहिणार. "आबा, ही परीक्षा न्हाय. चुकलं तरी चालतंय," असं तिनं तीनदा सांगितलं. तीनदा सांगितलं म्हणूनच मला ती परीक्षा वाटली.

इंदापूरकडच्या आपल्या शाळेत पाढे म्हणायची माझी पाळी जवळ आली, की तुम्ही माझ्या हातात कळशी द्यायचात. "जा रं, पाणी आण." पोरं म्हणायची, सुटलास. एकदा मला एकोणीसचा पाढा पक्का येत होता. मी उभा राहिलो, तुम्ही कळशी पुढं केलीत, मी गेलो. माझ्या डोक्यात काही राहत नाही असं तुम्ही ठरवलंय, हे मी तेव्हा धरलं ते आजवर सोडलेलं नाही. हल्ली तर चष्मा कुठं ठेवला तेही आठवत नाही, आणि दरवेळी वाटतं, तुमचंच खरं होतं.

शुक्रवारी सकाळी ती यादी माझ्या नजरेस पडली. ढोबळी मिरचीच्या ठिबकचे कॉक फिरवत मी ती दोन दिवस पाठ केली. रविवारी पहिल्याच फेरीत बाराच्या बारा. "अगं बया, आबा!" म्हणत नातीनं जे झालं तेच लिहिलं.

मंगळवारी ती जेवली नाही. पहिल्या फेरीत असं कोणालाच येत नाही, आकडे घरी बसून भरलेस, असं तिच्या कॉलेजातल्या बाईंनी वर्गासमोर सुनावलं होतं. प्रॅक्टिकल धरणार नाही म्हणाल्या होत्या. "मी खरंच लिवलंय आबा, तुमी तरी सांगा."

बुधवारी तिच्याबरोबर एसटीनं कॉलेजात गेलो. बाईंना म्हणालो, वही उघडी होती, यादी मला आधीच दिसली, पोरीचा दोष नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नवी यादी काढून नातीला समोरच माझ्यावर प्रयोग घ्यायला लावला. नऊ फेऱ्या लागल्या. माझा सदरा घामानं भिजला. बाई म्हणाल्या, "तरुण पोरांनाबी एवढ्या लागतात, आजोबा. तुमचं डोकं चांगलं हाय." पोरीचं प्रॅक्टिकल धरलं.

परतताना ती म्हणाली, "आबा, चूक माझीच. वही अशी उघडी टाकायला नको होती." मी कंडक्टरकडून दोघांची तिकिटं काढली. तिनं तेव्हापासून तीनदा माफी मागितली आहे. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून इथं लिहितो. वही तिच्या पिशवीत तळाशी होती, गुरुजी. ती अंघोळीला गेल्यावर चेन मी उघडली.