उर्वीचे उंच फटके

सोहार (ओमान),
६ फेब्रुवारी २०१५

ती. सौ. सुचित्राताईस,
दयानंदचा सा. न. वि. वि.

आम्ही तिघं खुशाल. माझ्याबरोबर काम करणारे रशीदभाई सुट्टीवर रत्नागिरीला चाललेत, त्यांच्याकडे हे पत्र देतोय. मुंबईत उतरल्यावर पेटीत टाकतील.

पोर्टवरच्या जपानी इंजिनियरांनी मुलांसाठी बेसबॉल सुरू केलाय, आपली उर्वी त्यात आहे, हे तुला ठाऊक आहेच. पण ताई, काही खरं नाही गं! दर शुक्रवारी तेच. पोरगी बॅट फिरवते, चेंडू उंच जातो, कोणीतरी झेल घेतं आणि खलास. सरासरी काढायचीही लाज वाटते. मी बजावलं, चेंडू जमिनीलगत ठेव. तर आता भीत भीत टोलवते आणि तरीही बाद होतेच. घरी गप्प असते. मी पोरीला टोकतो म्हणून तिच्या आईने, प्रेमाने, तर माझ्याशी अबोला धरलाय.

मार्चअखेर तिचं नाव काढून घ्यावं म्हणतो. तू विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेली, म्हणून विचारतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दयानंद

जळगाव,
१९ फेब्रुवारी २०१५

चि. दयानंदास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. अरे शहाण्या, झेल घेतला म्हणजे फटका वाईट, हे गल्लीतलं क्रिकेट तिच्या गळ्यात कशाला बांधतोस? कडकडीत मारलेला चेंडू नेमका कोणाच्या हातात गेला, तर त्यात तिचा काय दोष? सरासरीत निम्मं नशीब असतं.

आता धावा बघू नकोस. चेंडू बॅटच्या मधोमध लागतो का, ते आवाजावरून कळतं. बाहेरचे चेंडू सोडायला शिकली का? एकदा फसल्यावर पुढच्या चेंडूला काही बदल करते का? हे जमायला लागलं म्हणजे पोरगी तयार होतेय. तिला सांग, आत्या म्हणते, बिनधास्त मार.

आणि नाव काढलंस तर याद राख! प्रेमाचा अबोला मला मंजूर आहे.

तुझी,
ताई

सोहार,
१३ मार्च २०१५

ती. सौ. ताईस सा. न.

आत्ताच मैदानावरून आलो. तुझा निरोप दिल्यापासून उर्वी पुन्हा मोकळेपणी मारतेय. आज तिचा नंबर आला तशी, ही लांब मारणार म्हणून, समोरच्या संघाची पोरं आपसूक मागे सरकली. कोणी सांगितलं नव्हतं गं! बाहेरचे चेंडू तिने शांतपणे सोडले. मग असा ठेवून दिला की पार कुंपणाजवळच्या पोराने धावत जाऊन झेल घेतला.

बाद झाली. मी उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, याला नियमच कळत नाहीत.

नाव काढत नाही. ताई, तू वेळेवर कान उपटलेस, फार उपकार झाले. प्रेमा बोलायला लागली. अशीच रागावत जा, लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दयानंद

ता. क. उर्वीला दोन ओळी लिहायच्या आहेत.

आत्या, मी आउट झाली तरी बाबाने क्लॅप केलं. आधी बॅट घेतली की माझ्या पोटात दुखायचं. आज नाही दुखलं. थँक यू, आत्या.