सुटीचा वार

आई, इथूनच वाकून नमस्कार करते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. पाय जरा सुजतात, एवढंच. तुझा गुडघा काय म्हणतो?

आम्ही इथे दवाखान्याच्या चादरी धुतो. ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे धुणाऱ्या मावशींना शुक्रवारची सुटी, इस्त्रीवालीला शनिवारची, मुकादमाला रविवारची. या वारांपायी राजांनी कायदे केले, बाजार हलवले, माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, असं इस्त्रीवाली सांगते. तिचा देव म्हणे सहा दिवस जग घडवून शनिवारी विसावला.

आल्या आल्या मुकादमाने विचारलं, "तुमच्यात सुटीचा वार कुठला?"

मी म्हटलं, "कुठलाच नाही." तुला कधी बसलेलं पाहिलंच नाही ना! तेव्हापासून सगळ्यांच्या बदलीला मीच, सातही दिवस.

आई, तू एवढे देव पूजतेस. त्यातला एखादा तरी दमला असेल. त्याचा वार तेवढा कळव.

तुझी,
धाकटी