केसरी-१ चा वैमानिक

५ नोव्हेंबर २००६, रविवार
निर्णय झाला. विमान बनवायचं. स्वतःच्या हाताने, काल्हेरच्या आपल्याच अर्ध्या रिकाम्या गोडाऊनमध्ये. नेटवरून नकाशे काढलेत. इंग्लिशमध्ये आहेत, पण चित्रं स्वच्छ आहेत. एक सीट, अॅल्युमिनियमचे पाइप, कापडाचे पंख. अमेरिकेत रिटायर झालेले लोक घरच्या गॅरेजमध्ये बनवतात. मी तर अजून पन्नाशीत आहे आणि माझ्याकडे अख्खं गोडाऊन आहे. २६ जानेवारीला उड्डाण. नाव : केसरी-१. केसरीनाथवरून, म्हणजे माझ्यावरून.
पार्वती बोंबील साफ करत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "आधी घरातला पंखा दुरुस्त करा. महिना झाला, फिरत न्हाय." बायको चांगली आहे, पण नजर लांबची नाही.

१२ नोव्हेंबर
नारपोलीहून पंखांसाठी कापड आणलं. लूमवाला विचारत होता, "शेठ, शादी है क्या घर में?" मी नुसता हसलो. मोठ्या कामात गुप्तता पाहिजे. संध्याकाळपर्यंत सगळ्या काल्हेरला सांगून झालं.

२० नोव्हेंबर
दाजी आले. बहिणीचा नवरा म्हणून ऐकून घ्यावं लागतं. म्हणाले, "सरकारची परमिशन घेतलीस का?" मी म्हटलं, परमिशन उडणाऱ्या विमानाला लागते. हे अजून उडत नाही. उडालं की विचारू.

२ डिसेंबर, दुपार
प्रितम गॅरेजवाल्याने ठोकलेल्या मारुतीचं इंजिन बसवून दिलं. सुताराकडून सागवानी पंखाही आला. नारळ फोडला, स्टार्टर मारला. विमान निघालं. मागे. उरलेल्या गोडाऊनमधल्या भाडेकरूच्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या थप्पीत घुसलं. प्रितम म्हणतो, पंख्याची पाती उलटी तासलीत. माझा निष्कर्ष : ताकद भरपूर आहे, फक्त दिशा बाकी आहे.

९ डिसेंबर
नकाशात बारीक अक्षरात सापडलं : वैमानिकाचं वजन ७५ किलोच्या आत. गोडाऊनच्या काट्यावर उभा राहिलो. ९८. पण हा काटा मालाचा, माणसाचा नव्हे. मग हायवेला ट्रकच्या काट्यावर गेलो. तो दहा-दहाच्या टप्प्याने दाखवतो, वरचे किलो सोडून देतो. ९०! एका फेरीत आठ किलो उतरले.
उद्यापासून मटण-भाकरी बंद.

१० डिसेंबर
कशेळीला लग्नाची हळद होती, म्हणजे मटणाचं जेवण आलंच. न जेवता उठलो असतो तर यजमानाचा अपमान. मटण घेतलं, भाकरी टाळली.

११ डिसेंबर
आणखी एक हळद. भाकरी घेतली. मटण तिखट होतं.

६ जानेवारी २००७
पाती नवीन. केसरी-१ टेम्पोत घालून दिघाशीला, सासऱ्यांच्या शेतावर नेलं. भात निघालंय, मधले बांध जेसीबीने सपाट केले. चार वेळा पळवलं. पळतं छान. उठत नाही. कारणं : वारा पडलेला, जमीन चिकण, कापड सैल. कडेला उभ्या पार्वतीने चौथं सांगितलं, "खुर्चीत कोण बसलाय ते बगा." ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२५ जानेवारी, संध्याकाळ
फ्लेक्स लागला. माझा गॉगल घातलेला फोटो. पेढे आले. छातीत धडधडतंय, उत्साह असावा. पार्वतीला म्हटलं, उद्या मला काही झालं तर पोरांना सांभाळ. म्हणाली, "तुमी उडणारच न्हाय. झोपा." फार बरं वाटलं. का ते कळलं नाही.

२६ जानेवारी, दुपारी
घडलं ते नीट लिहितो.
सरपंच, पेपरवाला, निम्मं दिघाशी हजर. मी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही जमिनीवरून. पोरं टाळ्या वाजवत होती, कशासाठी ते मला माहीत नाही. दाजी ओरडले, "केसरी, वरचा गियर टाक!" लोक हसले.
मी शांतपणे उतरलो. खडे वेचल्याशिवाय पुढे जाणार नाही असं जाहीर केलं. इंजिन मात्र बंद पडू द्यायचं नव्हतं, परत सुरू व्हायला फार त्रास देतं. पार्वतीला म्हटलं, जरा बस, ही दांडी धर, काही करू नकोस. चाकाखालची वीट मी अगोदरच काढली होती. विमानाला मोकळं वाटावं म्हणून.
मी वाकून खडे वेचत होतो. आवाज वाढला. वर पाहिलं तर केसरी-१ माझ्या बाजूने निघून गेलं. सीटवर पार्वती. मग चाकांखाली उजेड दिसला. चक्क उजेड! विमान टेलिफोनच्या खांबाइतकं वर गेलं, बांध ओलांडला आणि शेजाऱ्याच्या वालाच्या शेतात बसलं.
मी धावलो. लग्नानंतर पहिल्यांदाच इतका धावलो. "विमान जाऊ दे, माझी पारू द्या," असं ओरडत होतो म्हणे. दाजी सांगतात. मला आठवत नाही.
पार्वती उतरून पदर झटकत होती. मी विचारलं, लागलं का? म्हणाली, "मना काय कलंना, पाय कशावर तं पडला न् ते पलाला, मी दांडी मागं ओढली. तं ते वरच गेला! मंग चावी बंद केली. वरशी आपला घर न्हाय दिसला, पन खाडी दिसली वो!"
बोलता बोलता हसत होती. मी तिथेच मातीत बसलो.
हार सरपंचांनी तिला घातला. पेपरवाल्याला मी तांत्रिक माहिती दिली. त्याने पेन खिशात ठेवलं होतं.

२८ जानेवारी
पेपरात फोटो आलाय. पार्वती, विमान, आणि कोपऱ्यात एक कोपर. कोपर माझं आहे.
मी ठरवलं, धोका फार, विमान विकायचं. सकाळी पार्वतीला सांगितलं. तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, प्रितमला वाकलेलं चाक सरळ करायला पाठवलंय, पुढच्या रविवारी परत जायचं हाय. मी म्हटलं, मग मी काय करू? म्हणाली, "तुमी शेपटी धरा. मी सांगीन तवा सोडा."
जबाबदारीचं काम आहे. हलक्या माणसाला जमणारं नाही.