वाकड्या तोंडाची पाच मिनिटं

१ डिसेंबर २०२४
आजपासून रोजनिशी. रोज. मोठे कॉमेडियन रोज लिहितात म्हणे. पतसंस्थेतली नोकरी दिवाळीला सोडली, त्यामुळे वेळ आहे. सध्या घर मंजुषाच्या अँकरिंगवर चालतं. लग्नं, गॅदरिंग, उद्घाटनं, सगळ्या अमरावतीला बायको तिचा आवाज ओळखते. चुकलो. सगळी अमरावती बायकोचा आवाज ओळखते. (वाक्य उलटं पडलं तरी फनी आहे. वापरणे.)
संकल्प: सकाळी साडेपाचला उठणे. बायकोवर जोक करायचे नाहीत, ते चीप असतं. वर्षभरात स्वतःचा लेट नाइट शो.

२ डिसेंबर
नऊला उठलो. थंडी.

८ डिसेंबर
ओपन माइक. कॅफे फुल. कोणी हसलं नाही. माझं मटेरियल पुण्या-मुंबईच्या लेव्हलचं आहे, इथलं पब्लिक आतल्या आत हसतं. शाहनवाजला हे सांगितलं. शाहनवाज म्हणजे माझा कीबोर्डवाला, शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, भाऊ, आतल्या आत हासते त्याले पोटात गॅस म्हंतात.
शाहनवाजला ह्यूमर नाही.

१९ डिसेंबर, सकाळी
मंजुषा चूळ भरत होती तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर. मी हसलो. तीही हसली, पण अर्धीच. अर्धं तोंड हललंच नाही. मग तिनं आरसा पाहिला. डावा डोळा मिटेना. "पाणी" म्हणायला गेली तर ओठच मिटेनात, शब्द हवेसारखा निघून गेला.
डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. म्हटलं, वारं लागलं असेल, तेल चोळ, होते नीट. शनिवारी माझा शो आहे, ताप नको डोक्याला.
ती आरशासमोर उभी राहून रडली. एका डोळ्यातलं पाणी गालावर, दुसऱ्यातलं थेट नाकाकडे. हे कोणी लिहून सुचणार नाही. लगेच मोबाइलमध्ये टिपलं.

२१ डिसेंबर
ओपन माइक. हसले!!! टेबलं बडवली. "माह्या बायकोचं अर्धं तोंड संपावर गेलं, पण भांडाले अर्धंही पुरते." चूळ केली, चहा सांडणं केलं, रडणं ॲक्टिंगसकट केलं. पाच मिनिटं, एकही जागा रिकामी गेली नाही. कोणीतरी शूट केलं, चांगलंच झालं.
बायकोवर जोक नाहीत हा संकल्प मोडला नाही. हा बायकोवर नाही, आजारावर आहे.
शाहनवाज चहा न घेता गेला. जेलस.

२३ डिसेंबर
शेवटी डॉक्टर. चेहऱ्याची नस सुजली म्हणाले. बहुतेक बरं होईल, दीड-दोन महिने लागतील, पण गोळ्या पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हव्या होत्या. काहून उशीर केला, असं माझ्याकडे पाहून विचारलं. मी मंजुषाकडे पाहिलं. तीही माझ्याकडे पाहत होती. एकाच डोळ्यानं, दुसऱ्यावर पट्टी होती. (टिपलं.)
व्यायाम दिलेत. फुगा फुगवणे, शिट्टी मारणे, आरशात पाहून हसणे. तिची गॅदरिंगची सगळी कामं कॅन्सल. मनाला लावून घेते ती. मी म्हटलं, एक आर्टिस्ट बसला की दुसरा उभा राहतो. तिनं फुगा तोंडाला लावला. फुसकन हवा गेली.

२ जानेवारी २०२५
ब्रेक!!!
दुपारी मंजुषाचा फोन वाजला. ती झोपलेली, मी उचलला. अकोल्याचे भगवंतराव, त्यांचं लोकल केबल चॅनल आहे. म्हणाले, मंजुषाताईले एका लग्नात ऐकलं, काय बोलते बाई! रात्रीचा गप्पांचा प्रोग्राम चालू करून राहिलो, ताईच पाहिजे.
मी परिस्थिती सांगितली. ताई आजारी आहेत, वर्षभर बोलता येणार नाही. (डॉक्टर दीड-दोन महिने म्हणाले, पण डॉक्टर लोक काहीही म्हणतात.) ते हळहळले. मग म्हणाले, दुसरं कोनी हाय काय? मी म्हटलं, आहे ना. मी.
मंजुषाला फक्त शो मिळाल्याचं सांगितलं. बाकीचं नाही. नसांना ताण वाईट.
तिनं हसायचा प्रयत्न केला. माझ्यासाठी. आरसा नसताना.

१४ जानेवारी
पहिला एपिसोड. नाव: "शेखरची मध्यरात्र". शूटिंग दुपारी तीनला, दाखवणार साडेदहाला, कारण भगवंतराव अकराला झोपतात. मागे रात्रीचं शहर हवं म्हटलं होतं, त्यांनी समुद्र लावला. अकोल्यात.
पहिला पाहुणा स्पॉन्सर, फवारणीच्या औषधाचे डीलर. मी विचारलं, आयुष्यातला फनी किस्सा? ते बोंडअळीवर बोलले. शेवटपर्यंत बोंडअळीवर बोलले. वेळ उरला म्हणून मी वाकड्या तोंडाची पाच मिनिटं केली. कॅमेरामन हसला.

२६ जानेवारी
क्लिप व्हायरल. ओपन माइकवाली. सगळ्या ग्रुपवर. गल्लीतल्या पोरीसुद्धा तोंड वाकडं करून चूळ भरून दाखवतात. ही असते रीच!
मंजुषानं पाहिली. घरी नाही, फिजिओथेरपीच्या वेटिंगमध्ये. शेजारच्या बाईनं दाखवली, बाई पाहा, तुमच्यासारखंच. बाईला माहीत नव्हतं कोणाचा नवरा ते.
मी भांडणाची तयारी ठेवली होती. ती भांडली नाही. व्यायाम पुरे केले. मग विचारलं, "मी आरशात पाहून रडून राहिली होती, तवा तुमी माह्या मागं उभे होते. तवाच लिहून ठेवलं काय?"
मी म्हटलं, कॉमेडी म्हणजे ऑब्झर्वेशन.
"हाव," म्हणाली. "तुमी पाहून राहिले होते हे मले दिसलं होतं. मले वाटलं, तुमाले वाईट वाटून राहिलं."

२७ जानेवारी
मंजुषा वरूडला माहेरी गेली. सासरे किसनराव संत्र्यांचं पिकअप घेऊन आले होते. वर आले नाहीत. हॉर्नही वाजवला नाही, नुसते उभे राहिले.
रायटिंगला स्पेस मिळाली.

४ फेब्रुवारी
स्पेसमध्ये काही सुचत नाही. घरात कोणी काही करतच नाही तर ऑब्झर्व काय करणार.
भगवंतरावांनी बोलावलं. फोन येऊन राहिले म्हणाले, पण शिव्यांचे. बायका स्पॉन्सरच्या दुकानात जाऊन बोलून राहिल्या. दोन एपिसोडमध्ये सुधर, नाहीतर बंद.
प्रत्येक मोठ्या शोला विरोध होतोच.

६ फेब्रुवारी
आयडिया. १४ फेब्रुवारी, व्हॅलेंटाइन स्पेशल, लाइव्ह, मंजुषासोबत. मी गुडघ्यावर बसून माफी मागणार, ती रडणार, माफ करणार, शाहनवाज हळू कीबोर्ड वाजवणार. अख्खं वऱ्हाड रडेल.
वरूडला फोन केला. वाटलं होतं नाही म्हणेल. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लाइव्ह हाय ना? मधात कापता येत नाही ना?" म्हटलं, अजिबात नाही. "मंग येते."
प्रेम आहे.
शाहनवाजला सांगितलं. तो म्हणाला, शेखर, तुले माफी पाहिजे का टीआरपी? मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, यानंतर मी तुयासंग वाजवत नाई.
नंतरचं नंतर.

१४ फेब्रुवारी, रात्री
लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचा संकल्प आहे.
मंजुषा हिरव्या साडीत आली. तोंडाचा डावा कोपरा अजून थोडा उतरलेला. भगवंतराव समोर आले, ताई, बोलता येते तुमाले? साहेबानं तं सांगितलं, वर्षभर नाही येणार. मी तुमालेच फोन केला होता या प्रोग्रामसाठी.
मंजुषा माझ्याकडे वळली नाही. "असं सांगितलं काय," एवढंच म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.
लाल दिवा लागला. मी गुडघ्यावर बसलो. शाहनवाजला इशारा केला. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.
मंजुषानं माझ्या हातातला माइक घेतला. हिसकावला नाही, अँकर घेतात तसा घेतला. कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "नमस्कार. मी मंजुषा. माझा चेहरा तुम्ही क्लिपमध्ये पाहिला असेल, पण तो मी नव्हते, माझा नवरा होता. खरा असा दिसतो." आणि हसली. अर्धं वर गेलं, अर्धं थोडंच गेलं. तशीच थांबली.
मग सांगत राहिली. सकाळी चूळ भरताना पाणी सांडलं, डोळा मिटला नाही, तर वारं लागलं म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मला उशीर झाला, घरच्यांचा शो होता. डोळ्यात थेंब टाकत जा. व्यायाम सोडू नका. लोक हसतील, हसू द्या, पण घरातलं माणूस हसत असेल तर दुसऱ्या कोणासोबत डॉक्टरकडे जा. "प" आणि "ब" अजून थोडे सुटत होते. तिनं ते लपवले नाहीत.
मी सगळा वेळ गुडघ्यावर. उठायची जागाच मिळाली नाही. फ्रेममध्ये माझं फक्त टाळकं होतं, असं कॅमेरामन म्हणाला.
ती "धन्यवाद" म्हणाली, माइक खुर्चीवर ठेवला आणि गेली. शाहनवाज तिला स्टँडवर सोडायला गेला.

१७ फेब्रुवारी
फोनच फोन. रेकॉर्ड. पण सगळे फिजिओथेरपिस्टचा नंबर विचारतात. भगवंतरावांनी "मध्यरात्र" बंद केली. त्या वेळेला आता आरोग्याचा कार्यक्रम. मंजुषाला विचारलं होतं, ती नको म्हणाली. माझ्याबद्दल काय म्हणाली, विचारलं. काहीच नाही, म्हणाले.
मला मात्र काढलं नाही. व्ह्यूअर रिलेशन्स बघतो. म्हणजे ऑफिसात बसून फोन घेतो. एका अर्थी हे टीव्हीतच आहे.

३ मार्च
वरूडचा नंबर लागत नाही. शाहनवाज उचलत नाही. संकल्प: नवीन पाच मिनिटं.
दुपारी तिवस्याहून एका म्हातारीचा फोन. सुनेचं तोंड कालपासून वाकडं झालं, पोरगी आरशासमोरून हालत नाही, नुसती रडून राहिली. मी डॉक्टरचा नंबर दिला. तिनं तो दोनदा म्हणून घेतला. मग म्हणाली, "बापू, त्या टीव्हीतल्या बाईचं तोंड आता पुरं नीट झालं काय? सुनेले सांगीन, तिले धीर येईन."
मी म्हटलं, हो. झालं.
"तुमी पाह्यलं?"
मी म्हटलं, नाही.
"मंग कोनाले माहीत हाय, त्याले द्या ना फोन."
ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. होल्ड करा म्हटलं आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. ती थांबली. बराच वेळ टेबलावरून तिचा आवाज येत होता, हॅलो, बापू, हॅलो.