पुलावरचा हिरवा पदर

अहो,

"तिकडे वारा फार, पदर सांभाळ गं," असं कॅनडाला निघताना आई म्हणाली होती. आज ते आठवलं.

टेबलावर लायब्ररीतल्या जुन्या पोस्टकार्डाची कॉपी ठेवलीय, बघा. एकाहत्तर सालचं आपलं हे सस्काटून शहर, गोठलेली नदी, आणि पुलावर कुणा बाईचा कोटाबाहेर उडालेला हिरवा पदर. ती मीच आहे हो! इतकी वर्षं मी कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये चालतेय.

उद्या ते प्रदर्शनात लागेल, म्हणून माझं नाव सांगायला लायब्ररीत जातेय. खिचडी कुकरमध्ये आहे.

चित्रात माझ्या हातात बॅग कशाला, असं तुम्ही विचारणारच. त्या दिवशी मी तुम्हाला सोडून निघाले होते. अर्ध्या पुलावरून परतले. तुम्ही घरी आलात, तेव्हा भात तयार होता.

इंदू