विरजणाची वाटी

प्रिय आई,
सप्रेम जय भीम.

मी बोस्नियात सुखरूप आहे. थंडीला तू विणलेला स्वेटर पुरतो. अंधार पडल्यावर एकटी बाहेर जात नाही, तेव्हा काळजी नको.

फोनवर हे बोलता येईना, म्हणून लिहितेय. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर का उठतो, याचाच अभ्यास मी इतकी वर्षं केला. काल इथल्या युद्धातून वाचलेल्या एका आजींना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मारामारी नंतर झाली. त्याआधी आम्ही एकमेकांकडे काही मागायचं सोडलं होतं."

मला आपली वरळीची चाळ आठवली. बौद्ध आणि हिंदू असे दोन तट पडले होते, तेव्हा घरात दही असूनही तू मला समोरच्या, दुसऱ्या तटातल्या कौसल्याकाकींकडे विरजण मागायला पाठवायचीस. मी कुरकुरत जायचे. काकी वाटीत चमचाभर दही घालायच्या.

माझ्या पुस्तकांना नाव मिळालं, पण मूळ धडा तुझा होता. तुझे उपकार आहेत, आई.

गुडघा कसा आहे? नव्या टॉवरमध्ये सगळ्यांची दारं बंद असतात म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज उतरलेला वाटला. घरात दही असेलच. तरी वाटी घे आणि समोरची बेल वाजव.

तुझीच,
आम्रपाली